दळणाच्या दिवसाचे जार

पंचधारा ब्रुअरीच्या भरणशाळेत उत्तम चौगुले एकतीस वर्षं बिअरचे केग, म्हणजे पोलादी पिंपं, भरत होता, आणि एकतीस वर्षांत गॅस गेलेला एकही केग त्याच्या हातून बाहेर पडला नव्हता. हे तो स्वतः कधी सांगायचा नाही. दुसऱ्यानं सांगावं म्हणून वाट मात्र बघायचा. कुणी नवीन माणूस कामावर लागला की पहिल्या दिवशी उत्तम त्याला काही शिकवायचा नाही, नुसता शेजारी उभा करायचा. जेवणाच्या सुट्टीत कुणीतरी त्या नव्याच्या कानात सांगायचंच की हा चौगुले म्हणजे काय चीज आहे, आणि उत्तम दोन टेबलं पलीकडे बसून भाकरीवरची नजर न उचलता ते ऐकायचा.

बिअरमध्ये गॅस राखणं वाटतं तेवढं सोपं नसतं. कार्बन डायऑक्साइड द्रवात काही हौसेनं राहत नाही, त्याला तिथं राहायला लावावं लागतं. द्रव जितका गार आणि त्याच्यावरचा दाब जितका जास्त, तितका हा वायू मुकाट राहतो. टाकीत गारवाही असतो आणि दाबही, त्यामुळे तिथं सगळं ठीक. घोटाळा होतो तो टाकीतली बिअर केगमध्ये नेताना. रिकाम्या केगमध्ये दाब नसतो. तिथं बिअर तशीच सोडली तर वायू एका दमात बाहेर उसळतो, केगभर नुसता फेस होतो, आणि गिऱ्हाइकाच्या ग्लासात पडतं ते कडवट पिवळं पाणी. म्हणून आधी केगमधली हवा हाकलून त्यात हाच वायू भरायचा, टाकीत जेवढा दाब तेवढाच केगमध्ये आणायचा, आणि मग एका बाजूनं बिअर आत घेताना दुसऱ्या बाजूनं वायू इतक्या सावकाश सोडायचा की बिअरला आपण घर बदललं याचा पत्ता लागू नये. हे सगळं मशीनच करायचं. पण एखादा केग उन्हातून आलेला असला किंवा कुठला वायसर झिजलेला असला, तर ते मशीनच्या आधी उत्तमच्या तळहाताला कळायचं. भरत्या केगवर हात ठेवून तो उभा राहायचा, आणि मध्येच म्हणायचा, "थांबीव. ह्यो फेस धरतोय." मशीनचा तांबडा दिवा त्यानंतर लागायचा.

घरी मात्र या हाताचं कौतुक नव्हतं. बायको सुवर्णा कारखान्याचे कपडे उंबऱ्याच्या आत येऊ द्यायची नाही. ते बाहेरच्या खुंटीला राहायचे. त्याचं कारण सगळ्या गावाला ठाऊक होतं. नऊ वर्षांपूर्वी, म्हणजे दोन हजार बत्तीस साली, जांभूळखोऱ्यातलं दारूचं दुकान सुवर्णानं बंद पाडलं होतं. त्यासाठी गावातल्या बायकांचं मतदान होतं, आणि मतपत्रिकेवर दोन चित्रं असतात. उभी बाटली म्हणजे दुकान राहू दे, आडवी बाटली म्हणजे बंद करा. गावातल्या निम्म्याहून जास्त बायकांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला की दुकानाला कुलूप. सुवर्णा तेव्हा दोन महिने दारोदार हिंडली आणि बाटली आडवी करूनच घरी बसली.

ती हिंडली ती समाजसेवेच्या हौसेनं नव्हे. तिचा धाकटा भाऊ धनाजी याच गावात राहायचा, ट्रॅक्टर दुरुस्तीत पटाईत, आणि पिण्यात त्याहून पटाईत. त्या वर्षी तो दवाखान्यातून पिवळा पडून परत आला होता. डॉक्टरांनी सुवर्णाला बाजूला घेऊन सांगितलं होतं की यकृत गेलंय, उरलंय त्यावर माणूस जगेल. पण पुन्हा प्यायला तर वर्ष काढणार नाही. दुकान बंद झालं. धनाजीला तालुक्याला जाऊन प्यायला कधी सवड झाली नाही, मग सवय राहिली नाही. नऊ वर्षांत तो चांगला गुटगुटीत झाला आणि बहिणीच्या अंगणात बसून दाजीची थट्टा करू लागला.

"दाजी, तुमी राक्षसाच्या घरचं आचारी," तो म्हणायचा. "खातुय दुसरा, पाप तुमच्या कढईला."

"माझी बिअर पुन्या-मुंबईला जाती," उत्तम म्हणायचा. "ह्या गावात न्हाई येत."

ते खरंच होतं, आणि त्याच एका वाक्यावर त्या घराचा संसार तोलून राहिला होता. केग म्हणजे जड पोलाद. त्याला शीतगृह लागतं, नळ लागतो, गॅसची टाकी लागते, माहीतगार माणूस लागतो. इतका लवाजमा घेऊन जांभूळखोऱ्याच्या चढणीला कोण कशाला येतंय?

एक्केचाळीस साली तो लवाजमाच लागेनासा झाला.

डॉ. मुग्धा पेठे ही पुण्याहून आलेली तिशीतली शास्त्रज्ञ. बाई हुशार आणि स्वभावानं गोड होती, हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढं तिचा राग येईल. तिनं कारखान्याच्या कँटीनमध्ये एक प्लॅस्टिकची बादली आणवली, कोपरापर्यंत बाह्या सरसावल्या आणि सगळ्यांसमोर त्या उघड्या बादलीत बिअर ओतली. ना फेस, ना आवाज. बादली तासभर उन्हात ठेवली. मग एक स्टीलचा पेला भरून तिनं उत्तमच्या हातात दिला.

"घ्या मामा. तुम्हीच सांगा."

उत्तमनं पेल्यात पाहिलं. एक बुडबुडा नव्हता. मेलेली बिअर लोकांसमोर तोंडाला लावायची त्याला लाज वाटली. तरी त्यानं घोट घेतला, आणि तोंडातल्या तोंडात बिअर फुटली. जिभेवर, टाळूवर, नाकापर्यंत बारीक तीक्ष्ण फेस. इतका गॅस त्यानं आपल्या कुठल्या केगमध्येही कधी धरला नव्हता. कँटीन हसलं. उत्तमनं पेला खाली ठेवला आणि तोंड पुसलं.

मुग्धानं समजावून सांगितलं ते असं. तिनं यीस्टमध्ये फेरफार केला होता. हे यीस्ट बिअर आंबवता आंबवता साखरेच्या रेणूंच्या छोट्या छोट्या बांगड्या तयार करायचं. वायूचा एकेक रेणू एकेका बांगडीत जाऊन बसायचा आणि तिथंच अडकायचा. मग दाब असो नसो, ऊन असो की हिवाळा, त्याला बाहेरची वाट नाही. बांगडी फुटायची ती एकाच गोष्टीनं: आपल्या लाळेतल्या विकरानं. पिठूळ अन्न गोड करणारं जे विकर भाकरी चावताना कामाला लागतं, तेच या बांगड्या तोडायचं. म्हणून बिअर ग्लासात गप्प आणि तोंडात जिवंत.

"म्हणजे आता केग नाही," मुग्धा म्हणाली. "दाब नाही, शीतगृह नाही. पाण्याच्या वीस लिटरच्या जारमध्ये भरा आणि पाठवा. भरायला कसबच लागत नाही."

शेवटचं वाक्य तिनं आनंदानं म्हटलं. कुणाला उद्देशून नव्हतं ते. पण उत्तमनं ते घरी नेलं आणि पुष्कळ दिवस सांभाळलं.

पाच महिन्यांत केगची रांग बंद झाली. निम्मे लोक घरी गेले. उत्तमला कंपनीनं ठेवलं आणि नवा हुद्दा दिला, भरण प्रशिक्षक. योजना अशी होती की मोठ्या टँकरनं बिअर खेड्यात न्यायची, तिथल्या बायकांच्या बचत गटाकडून जारमध्ये भरून घ्यायची आणि त्याच गावात, आसपासच्या वाड्यांवर घरपोच द्यायची. सरकारचा नवा नियम सौम्य पेयांच्या घरपोच परवान्याचा होता. त्याला दुकान लागत नव्हतं, आणि आडवी बाटली चालते ती फक्त दुकानावर. पहिल्या खेपेला बारा गावं निवडली. तीन महिन्यांची चाचणी. जिथं जारमधला गॅस टिकेल तिथं कायमचं केंद्र, जिथं टिकणार नाही ते गाव यादीतून बाद, परवाना रद्द. बारा गावांत सहावं नाव जांभूळखोऱ्याचं होतं.

उत्तमनं हे बायकोला सांगितलं नाही. आज सांगू, उद्या सांगू करत राहिला. तिला कळलं ते सरपंचाकडून, भर चावडीवर.

"तुमची बिअर ह्या गावात न्हाई येत म्हणं," ती घरी येऊन एवढंच म्हणाली.

"मी कुठं आणली? कंपनीनं आणली. मी न्हाई शिकीवलं तर दुसरा कोन तरी येऊन शिकवंल."

"येऊ द्या की दुसरा."

त्यानं बाहेरच्या खुंटीवरचे कपडे उचलले आणि तो कामावर निघाला. चोपन्नाव्या वर्षी दुसरं काम कुठं मिळणार हे खरं कारण होतं, आणि त्याहून खरं कारण असं की गावानं आपलं काम एकदा डोळ्यांनी बघावं असं त्याला वाटत होतं. एकतीस वर्षं तो बाहेर नावाजलेला आणि गावात कुणीच नसलेला माणूस होता.

केंद्राला जागा मिळाली ती पंचायतीच्या शेडमध्ये. त्या शेडच्या अर्ध्या भागात सुवर्णाच्या गटाची नाचणी सत्त्वाची गिरणी होती. नाचणी भिजवायची, मोड आणायचे, सावलीत वाळवायची आणि दळायची. तान्ह्या मुलांना, म्हाताऱ्यांना, दुखण्यातून उठलेल्यांना हे सत्त्व जिल्हाभर जायचं. धनाजी दवाखान्यातून आला तेव्हा सहा महिने सुवर्णानं त्याला हेच पाजलं होतं. मध्ये माणूसभर उंचीचा पत्रा ठोकला आणि पलीकडे जार भरायला सुरुवात झाली. पलीकडे लागलेल्या नऊ बायकांपैकी सात जणींनी बत्तीस साली आडव्या बाटलीवर शिक्का मारला होता. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. घराजवळ मिळणारं काम त्या गावात दुसरं फारसं नव्हतं, आणि जारमधलं ते पाणी दिसायला कोकमाच्या सरबतापेक्षा सोज्वळ होतं.

उत्तमनं त्यांना शिकवायला घेतलं. शिकवण्यासारखं काही नसताना शिकवलं. नळी जारच्या तळापर्यंत न्या, धार भिंतीवरून सोडा, खळबळ करू नका, झाकण लावायच्या आधी काठोकाठ भरा. बायका हसायच्या.

"मामा, मॅडम तर म्हनत्यात कसंबी भरा."

"मॅडम म्हणू द्यात. माझ्या देखत कसंबी भरायचं न्हाई."

प्रत्येक जारवर चिठ्ठी चिकटवायची पद्धत कंपनीनं घातली होती. तिच्यावर भरल्याची तारीख आणि प्रशिक्षकाचं नाव. उत्तम चौगुले. आयुष्यात पहिल्यांदा त्याचं नाव त्याच्या कामावर छापून आलं.

आणि तिसऱ्या आठवड्यात तक्रारी यायला लागल्या. बाकीच्या अकरा गावांत जसाच्या तसा टिकणारा गॅस जांभूळखोऱ्याच्या जारमधून चार दिवसांत गायब व्हायचा. सगळ्याच जारमधून नाही, काही जारमधून. वाड्यांवरून जार परत येऊ लागले. टेम्पोवाला उतरवताना म्हणायचा, "चौगुल्याचं पानी आलंय बघा परत." ते नाव पसरायला वेळ लागला नाही. चहाच्या टपरीवर कुणी पातळ चहा दिला तरी लोक म्हणायचे, "का रं, चौगुल्यानं भरला काय?"

उत्तमची भूक गेली. तो ताटावर बसायचा, दोन घास चिवडायचा आणि उठायचा. समोर सुवर्णा मात्र हलकी झाली होती. ती त्याला आग्रहानं वाढत होती. पुष्कळ दिवसांनी तिनं आपणहून त्याच्या आवडीचा झुणका केला.

"जाऊ द्या," ती म्हणाली. "महिनाभर ऱ्हायलाय. गाव यादीतनं गेलं की सुटलासा. गिरणीत या माझ्या. वजनं उचलायला माणूस लागतंयच."

बोलण्यात उपरोध नव्हता. ती त्याला खरंच बोलावत होती, आणि ते त्याला कळलंही. पण चौगुल्याचं पाणी हे नाव अंगावर घेऊन गिरणीत बसायचं, ही कल्पना त्याच्या घशाखाली उतरेना.

त्यानं परत आलेले जार रांगेत लावले आणि तारखा बघितल्या. मरणारे जार मंगळवारचे आणि शुक्रवारचे होते. नंतरच्या आठवड्यांचे तर सगळ्याच वारांचे. बिअर तीच, टँकर तोच, बायका त्याच. मग मंगळवारी आणि शुक्रवारी काय होतं? तो शेडमध्ये पाटावर बसून राहिला. पत्र्यापलीकडे गिरणी सुरू झाली. वरच्या झरोक्यातून उन्हाचा पट्टा येत होता आणि त्या पट्ट्यात पत्र्यावरून तरंगत येणारं बारीक तांबूस पीठ त्याला दिसलं. ते खाली उघड्या जारांच्या तोंडावर उतरत होतं. मंगळवार आणि शुक्रवार हे दळणाचे वार होते. अलीकडे गिरणी रोज चालायची.

उत्तम शास्त्रज्ञ नव्हता, पण ब्रुअरीत आयुष्य काढलेल्या माणसाला मोड आलेलं धान्य म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. धान्याला मोड आला की त्याच्या पोटात तेच विकर तयार होतं जे आपल्या लाळेत असतं. दाण्यातलं पीठ फोडून कोंबाला साखर द्यायची असते ना. बिअर करायला बार्लीला मोड आणतात ते त्याचसाठी. त्या बार्लीचा काढा आंबवायच्या आधी उकळतात, म्हणून तिच्यातलं विकर मरतं आणि मुग्धाच्या बांगड्यांना त्याचा त्रास होत नाही. पण सुवर्णाची नाचणी सावलीत वाळवलेली होती. तिला उकळी माहीत नव्हती. तिच्या चिमूटभर पिठात जारभर बांगड्या फोडायची ताकद जिवंत होती.

त्यानं चांगल्या जारमधला एक पेला भरला. पत्र्यावर बोट फिरवलं आणि बोटावरचं पीठ पेल्यात झटकलं. पंधरा-वीस मिनिटं काही नाही. मग तळातून एक बुडबुडा आला, मग दहा, आणि बघता बघता गप्प बसलेली बिअर पेल्याच्या काठावर फेसाळून आली. केगची रांग बंद झाल्यापासून त्यानं बिअरला फेस आलेला पाहिला नव्हता. त्याचे डोळे भरून आले.

"घावलं म्हणायचं तुमास्नी," सुवर्णाचा आवाज आला. ती पत्र्याच्या कडेला पिठानं माखलेली उभी होती.

"तुला म्हाईत हुतं?"

"शास्त्र म्हाईत न्हाई. पर दळपाच्या दिवशी भरल्याली जार परत येत्यात, एवढं दिसत हुतं की. पयला मंगळवार-शुक्रवार दळत हुतो. मग म्हटलं, रोज दळू."

एवढ्या मोठ्या कंपनीच्या प्रयोगशाळेला जे सापडलं नाही ते तिनं नुसतं वार बघून ओळखलं होतं आणि कामालाही लावलं होतं. त्याला तिचं कौतुक वाटलं, खरंच वाटलं.

"एकच महिना ऱ्हायलाय," ती म्हणाली. "कुनाचं नुकसान न्हाई, कुनाला इजा न्हाई. पोरांच्या तोंडातलं पीठ हाय ते. तुमी फकस्त गप ऱ्हावा. माझ्यासाठी नगं, धनासाठी."

उत्तमनं पेला उचलला आणि मोरीत ओतला. सुवर्णानं ते होकार समजून घेतलं आणि ती दळायला परत गेली.

बावीस दिवस तो गप्प राहिला. हेही त्याच्या खात्यावर मांडायला हवं. बावीस दिवस टेम्पोवाल्याचं बोलणं त्यानं ऐकून घेतलं.

तेविसाव्या दिवशी सकाळी डॉ. मुग्धा पेठे शेवटची तपासणी करायला आली. शेडमध्ये सरपंच होते, भरणाऱ्या नऊ जणी होत्या. पत्र्यापलीकडे गिरणी चालू होती. मुग्धानं मेलेल्या जारांची यादी वाचली, गाव चाचणीत नापास झाल्याचं सांगितलं आणि सरपंचांचं तोंड उतरलेलं पाहून तिला वाईट वाटलं. तिला उत्तमचंही वाईट वाटलं. जी काही आग लागली ती त्या वाईट वाटण्यानं लागली.

"मामा, तुम्ही मनाला लावून घेऊ नका," ती म्हणाली. "एकतीस वर्षं तुम्ही दाबावर काम केलंत. हाताला ती सवय लागलेली असते. तुम्ही या बायकांना जास्तच शिकवलंत, आणि त्यात कुठंतरी बिघडलं. मी अहवालात हलगर्जी म्हणून लिहिणार नाही. जुनी सवय म्हणून लिहीन."

नऊ जणींपैकी कुणीतरी फिसकन हसलं.

त्या हसण्यानं काय झालं ते उत्तमला नंतर कधी नीट सांगता आलं नाही. धनाजी त्याच्या डोळ्यांपुढे आला नाही असं नाही. आला. गुटगुटीत, हसरा, अंगणात बसलेला. पण त्याच्या आधी आपला हात आला.

"मॅडम, माझ्या हातात खोट न्हाई," तो म्हणाला. "हवेत हाय."

आणि मग त्यानं सगळं दाखवलं. पेला मागवला, पत्र्यावरचं पीठ बोटावर घेतलं, सगळ्यांना थांबायला लावलं. फेस आला तेव्हा मुग्धा ओरडलीच. ती खाली बसून पेल्याकडे बघत राहिली, मग उठून तिनं चक्क वाकून उत्तमला नमस्कार केला. "मामा, आमच्या अख्ख्या टीमला हे दिसलं नाही!" बायकांनी टाळ्या वाजवल्या. त्या गडबडीत गिरणी कधी बंद पडली ते कुणाच्या लक्षात आलं नाही. उत्तमच्या आलं.

घरी सुवर्णा भांडली नाही. चुलीपुढे बसून तिनं विचारलं, "का सांगितलासा?"

"माझ्या हाताला नाव ठिवलं त्यांनी. समद्यांच्या म्होरं."

"ठिवू द्यायचं हुतं."

"एकतीस वर्सं, सुवर्णा—"

"व्हय. आनी माझा भाऊ अडतीस वर्साचा."

कंपनीनं पंचायतीला पत्र दिलं, आणि खाण्याच्या पिठाची धूळ केंद्रापासून दूर हवी म्हणून गिरणी शेडमधून हलवली. बदली जागा मिळाली ती जुन्या कोंडवाड्यात, तिथं गिरणीला पुरेल अशी वीजच नव्हती. महिन्याभरात गटातल्या बहुतेक जणी जार भरायला पलीकडे गेल्या. सुवर्णानं पुन्हा मतदान मागायचा अर्ज केला. तो परत आला, कारण बंद करायला दुकानच नव्हतं. ती घरातलं सगळं करत होती. उत्तमला वेळेवर वाढत होती. नवऱ्याबायकोत होतात ती बोलणी तेवढी होत नव्हती.

जांभूळखोऱ्याचं केंद्र बारा गावांत पहिलं आलं. चौगुल्याचं पाणी म्हणणारे लोक आता "चौगुल्याचा जार हाय काय?" असं विचारून घेऊ लागले. घराघरात पाण्याच्या जारशेजारी दुसरा जार दिसायला लागला. दोन्ही सारखेच, झाकणबंद, गप्प; फरक फक्त रंगाचा. कारखान्यानं उत्तमचा फोटो काढून नेला.

दिवाळी होऊन गेली होती. एका दुपारी उत्तम सोप्यात बसून सुपारी कातरत होता आणि सुवर्णा आत ज्वारी निवडत होती. धनाजी अंगणात आला. चालताना त्यानं एकदा तुळशीकट्ट्याला हात टेकला, एकदा खांबाला. कुणी पाजली, कधीपासून, हे विचारण्यात अर्थ नव्हता. जार तर घरोघर होते. त्याच्या डोळ्यांत पिवळेपणा आला होता. तोंडावर मात्र जुनं, लाघवी हसू होतं.

"दाजी," तो पायरीवर बसत म्हणाला, "रागवू नगासा. आक्काला सांगू नगासा. पर तुमच्या तोंडावर सांगायलाच आलोय. नऊ वर्सं तुमची चेष्टा केली म्या. आज कान धरतो."

"धना, घरला जा," उत्तम म्हणाला.

"जातो, जातो. एवढं ऐका. जिंदगीत लई पिलो दाजी. शेरातली पिलो, हाटेलातली पिलो. पर असला गॅस कुनी धरला न्हवता. कुनीच न्हाई. तुमी जादू केलासा, जादू."

एकतीस वर्षांत त्याच्या घरातलं, त्याच्या गावातलं, जवळचं असं एकही माणूस हे त्याच्या तोंडावर बोललं नव्हतं. उत्तमच्या छातीत काहीतरी उबदार पसरलं. त्यानं अडवायच्या आत ते चेहऱ्यावर आलं. तो हसला. अगदी थोडं, पण हसला.

मान वळवली तेव्हा सुवर्णा दारात उभी होती. ती भावाकडे बघत नव्हती. उत्तमकडे बघत होती.

"सुवर्णा, मी त्याला—"

"हसा की," ती म्हणाली. "हसा. लई दिसांनी बरं वाटलंय तुमास्नी."

तिनं पदर खोचला, खाली उतरून धनाजीच्या काखेत हात घातला आणि त्याला उठवलं. मग चप्पल न घालताच, त्याचं निम्मं ओझं अंगावर घेऊन, ती त्याच्या घराच्या दिशेनं चालू लागली. धनाजी जाता जाता मागं वळून हात हलवत होता. उत्तम पायरीपर्यंत आला. त्याला कळत होतं की धावत जाऊन दुसऱ्या बाजूनं धनाजीला धरायला हवं, आत्ताच्या आत्ता दवाखान्याची गाडी बोलवायला हवी, बायकोच्या पाया पडायला हवं. हे सगळं त्याला कळत होतं. आणि तरीही, ती दोघं वळणापलीकडे जाईपर्यंत, त्याच्या जिभेवर एकच प्रश्न घोळत होता, की धनाजी प्यायला तो जार भरून किती दिवस झाले होते.